बाल्कनीची दोरी, हरिहर आणि ते अडीचशे किलो

सिडकोची_सून
नाशिकच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत कपड्यांना चार मीटर दोरी लागते. दर पावसाळ्यात सुती दोरी कुजते म्हणून यंदा ऑनलाइन 'पॅराकॉर्ड' मागवली. पाकिटावर नायलॉन, ४ मिमी, २५० किलो. म्हटलं, आता चादरींची काय बिशाद! दोन दिवसांत झोळ पडला. ताणली, पुन्हा झोळ. मग सतारीच्या तारेसारखी ताणली. रविवारी दोन ओल्या चादरी टाकल्या, दोरी शाबूत, पण भिंतीतला हूक प्लास्टरसकट बाहेर आला. चादरी खालच्या काकूंच्या तुळशीवर. त्या काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

उरलेली दोरी मुलाने ढापलीये, हरिहर गडावर न्यायला. "आई, तिघं लटकलो तरी तुटणार नाही" म्हणतो. चांदवडला भावालाही कांद्यावरच्या ताडपत्रीसाठी हवीये. एकच दोरी सगळीकडे चालते का?

पंचवटीकर
प्लास्टिकचं आवरण असलेली तार लावा. विषय संपला.

टेम्पोवाला_आडगाव
ताई, पंधरा वर्षं टेम्पोवर माल बांधतोय आणि सुटी मिळाली की डोंगर. दोन्हीकडच्या दोऱ्या माझ्या वेगळ्या असतात, एकमेकींत मिसळू देत नाही.

आधी मुलाचं. ती दोरी त्याच्या सॅकमधून आजच काढा. २५० किलो म्हणजे नवी, कोरडी, बिनगाठीची दोरी सावकाश ओढली तर. गाठ मारली की तिसरा हिस्सा, कधी निम्मी ताकद जाते. नायलॉन भिजलं की आणखी दहा-पंधरा टक्के. खडकाच्या धारेवर ४ मिमी किती टिकणार? आणि माणूस पडतो तेव्हा त्याचं नुसतं वजन येत नाही, हिसका येतो. चढाईचा रोप ९ ते ११ मिमीचा असतो आणि तो हिसका पचवायलाच ताणणारा बनवलेला असतो. ही दोरी मुळात पॅराशूटची, तिथे अशा कितीतरी दोऱ्या मिळून एक माणूस पेलतात. हरिहरच्या पायऱ्यांना हात धरायला खोबण्या कोरलेल्या आहेत, दोरी लागत नाही. गर्दी असेल तर खाली थांबा म्हणावं.

आता तुमचा हूक. तो दोरीने नाही, तुमच्या ताणण्याने उपटला. चार मीटर दोरीच्या मध्यावर १० किलो ओलं ओझं असेल आणि झोळ फक्त १० सेंमी ठेवला, तर प्रत्येक हुकावर साधारण १०० किलोची ओढ येते. झोळ ४० सेंमी होऊ दिला तर तीच २५ किलो. म्हणून थोडी लोंबू द्या. नायलॉन ताणतं आणि ओलं झालं की आणखी सैल पडतं, कपड्यांना पॉलिस्टरची विणलेली दोरी घ्या. ती कमी ताणते, उन्हातही जास्त टिकते. भावाच्या ताडपत्रीलाही तीच. शेवटी निरगाठ नको, सुरगाठ मारा. वळीव आला की अंधारात एका ओढीत सुटली पाहिजे, नाहीतर दाताने सोडत बसाल. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या, म्हणजे वीण उसवत नाही.

आणि एक. पॅराकॉर्ड म्हणून काहीही विकतात. टोक कापून आत बघा, बहुधा सात पिळाचे धागे हवेत. मग तुकडा बादलीत बुडवून हवा दाबून काढा. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात.

सिडकोची_सून
दादा, तरंगतोय. तीनदा पिळून टाकला, तीनदा वर. आत धागे नाहीतच, पांढरा भुसा आहे. मुलाला बादलीपुढे उभं केलं, पहिल्यांदाच काही बोलला नाही.

टेम्पोवाला_आडगाव
मग ते पॉलिप्रॉपिलीन, पाण्यावर तरंगणारं प्लास्टिक. उन्हात सगळ्यात आधी तेच ठिसूळ होतं. नायलॉन हे खोटं, तर २५० तरी कशावरून खरं? रद्दीचे गठ्ठे बांधा त्याने. रविवार कारंजाच्या बाजाराकडे जाणारच असाल तर दुकानात आधी वीतभर तुकडा मागा. देतात. नाही दिला तर पुढचं दुकान.

पंचवटीकर
तार लावा म्हटलं होतं.

सिडकोची_सून
तार लावली तरी हूक तोच ना, पंचवटीकर. गवंडी शनिवारी येतोय.