‘वाईट’ ठरलेले जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचे आहेत: कोणत्या सेटिंगवर, कोणत्या टीव्हीवर?

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पार्ल्यात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी तीन तास मिळाले आहेत. साधारण बारा जण येतील. विषय एकच: गेली चाळीस वर्षं ज्यांना शिव्या बसतायत ते घरगुती कन्सोलवरचे गेम पुन्हा हातात घ्यायचे आणि शिव्या कितपत खऱ्या आहेत ते स्वतः ठरवायचं. अटारी २६०० वरचे ‘ई.टी.’ आणि ‘पॅक-मॅन’ नक्की. निन्टेंडोवरचे एखाद-दोन हवेत. ‘सायमन्स क्वेस्ट’ आणि ‘झेल्डा २’ मनात आहेत.

अडचणी अशा:
- ‘ई.टी.’ नवख्या माणसाला पाच मिनिटांत नकोसा होतो. अर्ध्या तासात तो नीट कळेल असं काय आधी सांगावं?
- ‘पॅक-मॅन’मधली भुतं लुकलुकतात ती एलसीडीवर कशी दाखवावी?
- २१ इंची दोन जुने डबा टीव्ही आहेत, दोन्ही फक्त पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) चालवणारे. अमेरिकन अटारी जोडता येईल का, की सरळ लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) लावावा?

केवळ ‘तेव्हा सगळंच तसं होतं’ एवढ्यावर कुठल्याही गेमला माफी द्यायची नाही, हे आधीच ठरलं आहे.

रास्टर_रेषा

‘ई.टी.’बद्दल आधी. जुलै १९८२ च्या शेवटी चित्रपटावरून गेम काढायच्या परवान्याचा व्यवहार झाला आणि नाताळच्या बाजारासाठी १ सप्टेंबरपर्यंत गेम तयार हवा होता. गेम लिहिणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉला जेमतेम पाच आठवडे मिळाले. ही माहिती लोकांना शेवटी द्या. आधी दिली की सगळे दया दाखवतात आणि तुमचा प्रयोग फसतो.

आधी सांगायचं ते हे. या गेमचं जग म्हणजे एक ठोकळा आहे, सहा बाजूंचा. वरची बाजू जंगल, खालची वॉशिंग्टन शहर, आणि चार कडेच्या बाजू म्हणजे खड्ड्यांचे चार पडदे. खड्ड्यांच्या कुठल्याही पडद्यावरून वर गेलात की जंगल, खाली गेलात की शहर, डावी-उजवीकडे गेलात की शेजारचा खड्ड्यांचा पडदा. कागदावर ठोकळा उलगडून काढा आणि प्रत्येकाला एकेक झेरॉक्स द्या. ‘कुठून कुठे आलो तेच कळत नाही’ ही अर्धी तक्रार या एका कागदाने मिटते.

दुसरं, पडद्याच्या वरच्या पट्टीत चिन्हं बदलत असतात. तुम्ही उभे असता त्या जागेची ती ‘शक्ती’, आणि बटण दाबल्यावर ती चालते. बाण आला तर बटण दाबल्यावर त्या दिशेच्या पडद्यावर उडी. प्रश्नचिन्ह आलं तर त्या पडद्यावरच्या एखाद्या खड्ड्यात फोनचा तुकडा आहे का ते दिसतं (तुकडे जमवून ई.टी.ने घरी फोन करायचा, हाच खेळ). हे माहीत नसलेला माणूस दिसेल त्या खड्ड्यात उतरतो आणि वैतागतो. खरं तर आधी प्रश्नचिन्हाची जागा शोधायची, मग फक्त त्याच खड्ड्यात उतरायचं. तुकडे तीन. पडद्यावर पडलेल्या नऊ गोळ्या जमवून इलियटला (ई.टी.चा मित्र असलेल्या मुलाला) बोलावलं तर एक तुकडा तो आणून देतो, म्हणजे दोनच शोधावे लागतात. तीन झाले की फोन करायची जागा शोधून बटण दाबा, कोपऱ्यात घड्याळ सुरू होतं. ते संपायच्या आत जंगलात उतरण्याच्या जागेवर उभं राहायचं, आणि त्या वेळी पडद्यावर माणूस नको.

आता खड्डा. बाहेर येताना बटण दाबलं की मान लांब होते, मग काठी (जॉयस्टिक) वर धरायची. वर पोचल्यावर पडदा बदलतो आणि इथेच सगळे फसतात. काठी तशीच वर दाबून धरली तर ई.टी. पुन्हा त्याच खड्ड्यात. पडदा बदलला की हात सैल सोडा, एक क्षण थांबा, मग मोकळ्या बाजूला न्या.

ही मात्र खेळणाऱ्याची चूक नाही, गेमचीच आहे. टक्कर तपासताना ई.टी.च्या आकृतीचा कुठलाही ठिपका खड्ड्याच्या ठिपक्याला लागला की तो ‘पडला’. चित्र तिरक्या कोनातून काढल्यासारखं आहे, त्यामुळे पाय जमिनीवर असताना नुसतं डोकं खड्ड्यावर आलं तरी तो पडतो. डोळ्याला एक दिसतं आणि यंत्र दुसरंच मोजतं. चाहत्यांनी पुढे रॉममधले (कॅसेटमधल्या प्रोग्राममधले) मोजके बाइट बदलून ही टक्कर सुधारली, तो पॅच नेटवर सहज सापडतो. मूळ गेम वीस मिनिटं, मग पॅच केलेला दहा मिनिटं, असं लावा. ‘कल्पना वाईट की एक तपासणी वाईट’ हा फरक तेव्हाच कळेल.

सुरुवात गेम ३ वर करा. त्यात एफबीआयचा माणूस आणि शास्त्रज्ञ नसतात, फक्त इलियट असतो. खेळणाऱ्यांना रस्ते कळले की गेम १ वर या.

सहाशेपाच_दोन

‘पॅक-मॅन’च्या लुकलुकण्याचं गणित नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोकांनी हा गेम चुकीच्या व्हिडिओत पाहून मत बनवलंय.

अटारी २६०० मध्ये चित्र काढणाऱ्या टिया चिपकडे ‘खेळाडू’ म्हणून स्प्राइट (हलणाऱ्या आकृत्या) दोनच, प्रत्येकी आठ ठिपके रुंद. एक पॅक-मॅनला गेला, उरलेल्या एकावर चार भुतं. प्रत्येक फ्रेममध्ये एकच भूत काढायचं, पुढच्या फ्रेमला दुसरं, असा फेरा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे प्रत्येक भूत सेकंदाला १५ वेळा दिसतं. डबा टीव्हीच्या काचेवर उजेड किंचित रेंगाळतो, म्हणून तिथे भूत पुसट पण हजर वाटतं. एलसीडीवर उजेड लगेच जातो आणि ते तुटक दिसतं. पाल अटारीवर सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे साडेबारा वेळाच. तिथे लुकलुक आणखी वाढते.

आणि ३० फ्रेमच्या व्हिडिओत काय होतं बघा. एक सोडून एक फ्रेम टाकली जाते. चारांच्या फेऱ्यात त्यामुळे ठरावीक दोनच भुतं उरतात, बाकीची दोन दिसतच नाहीत. अशा व्हिडिओवरून कुणी ‘यात भुतं गायब होतात’ म्हणत असेल तर त्याने गेम पाहिलेलाच नाही.

लॅपटॉपवर स्टेला एम्युलेटर घ्या. स्क्रीन ६० हर्ट्झवर ठेवा, ७५ नको, नाहीतर वेगळीच थरथर येते. मग ऑल्ट आणि पी दाबून फॉस्फर (डबा टीव्हीसारखा रेंगाळणारा उजेड) सुरू करा. मिश्रण मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि भूत पुसट पण सलग दिसेपर्यंत वाढवा. फार वाढवलंत तर हलत्या भुतामागे शेपूट दिसते. प्रोजेक्टर लावणार असाल तर त्याचा ‘मोशन स्मूदिंग’सारखा पर्याय बंद करा, तो या फ्रेमांची खिचडी करतो.

बाकी कळा: एफ१ सिलेक्ट, एफ२ रिसेट, एफ५ आणि एफ६ डाव्या खेळाडूची अवघड-सोपी कळ, एफ७ आणि एफ८ उजव्याची. या कळा अटारीच्या डब्यावर खऱ्याखुऱ्या असायच्या आणि अनेक गेम त्यांवर पूर्ण बदलतात.

गिरगाव_ते_गोरेगाव

लुकलुक माफ करता येईल, ‘पॅक-मॅन’ नाही. वरचं गणित बरोबर आहे, पण त्यातून ‘यंत्रच तोकडं होतं’ हा निष्कर्ष निघत नाही.

पुरावा त्याच यंत्रावर आहे. ‘मिस पॅक-मॅन’ त्याच २६०० वर आला, तीच टिया, तीच १२८ बाइटची रॅम. फरक म्हणजे रॉम ४ ऐवजी ८ किलोबाइट, आणि भुतं काढायची पद्धत वेगळी. एकाच फ्रेममध्ये वरच्या ओळीतलं भूत काढून झालं की तोच स्प्राइट खाली दुसऱ्या जागी हलवून दुसरं भूत काढता येतं. लुकलुकायची वेळ येते ती भुतं एकाच आडव्या ओळीत आली तरच. शिवाय पुढे हौशी लोकांनी ४ किलोबाइटमध्येच मूळ आर्केडच्या (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरच्या गेमच्या) कितीतरी जवळ जाणारा ‘पॅक-मॅन’ लिहून दाखवला. म्हणजे ४ किलोबाइट हे एकमेव कारण नव्हतं. हातात वेळ किती आणि त्या यंत्राच्या युक्त्या तोवर किती माहीत झालेल्या, हे खरं कारण.

आणि लुकलुक बाजूला ठेवली तरी चक्रव्यूह मूळचा नाही. बोगदे डाव्या-उजव्या बाजूंना हवेत, इथे ते वर आणि खाली. ठिपक्यांऐवजी आडव्या काड्या. फळांऐवजी एक चौकोनी ‘जीवनसत्त्व’. पॅक-मॅन वर किंवा खाली जातानाही तोंड आडवंच ठेवतो. काडी खाल्ल्याचा आवाज तर दहा मिनिटांत डोकं उठवतो. आर्केड पाहून पैसे मोजलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट खटकणारच, आणि त्याचं खटकणं रास्त होतं.

एक गोष्ट गेमच्या बाजूने सांगतो: तो लिहिणाऱ्या टॉड फ्रायने दोन खेळाडूंचा आळीपाळीचा खेळ ठेवला. दोघांच्या खाल्लेल्या काड्यांची नोंद त्या १२८ बाइटांत सांभाळायची म्हणजे रॅमचा मोठा घास गेला. कार्यक्रमात हा गेम दोघांनी आळीपाळीने खेळा, एकट्याने नको. तो त्यासाठीच बनलाय आणि तसा बराच बरा वाटतो.

शेजारी दुसऱ्या लॅपटॉपवर ‘मिस पॅक-मॅन’ लावा. सांगायला काही उरणार नाही.

कांदिवली_६०पिन

यंत्राबद्दल. अमेरिकन अटारी फक्त-पाल डबा टीव्हीला जोडू नका. चित्र काळंपांढरं येईल, बहुतेक वेळा वरखाली सरकत राहील, आणि आरएफमधून (अँटेनाच्या तारेतून) आवाज येणार नाही, कारण तिकडे चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर ४.५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ५.५. टीव्ही बहुपद्धती असेल आणि अटारीला एव्ही (चित्र-आवाजाची वेगळी तार) बाहेर काढून घेतलेलं असेल तरच प्रयत्न करा.

वीज त्याहून महत्त्वाची. अमेरिकन अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर तो जळतो. अटारी २६०० ला ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँपिअर, ३.५ मिमीचा प्लग, टोक धन. जपानी फॅमिकॉमला (निन्टेंडोच्या जपानी रूपाला) १० व्होल्ट डीसी, मध्यभाग ऋण. अमेरिकन निन्टेंडोचा मूळ अडॅप्टर मात्र ९ व्होल्ट एसी देतो. तो चुकून फॅमिकॉमला लावलात तर फॅमिकॉम गेला. लॅमिंग्टन रोडवरून अडॅप्टर घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून व्होल्ट आणि टोकाची बाजू दोन्ही बघा, स्टिकरवर विसंबू नका.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. पावसाळ्यात इथे तांब्याच्या पट्ट्यांवर काळसर थर धरतो, त्यात तोंडाची वाफ म्हणजे भर. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कापसाची काडी, पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा, काळं यायचं थांबेपर्यंत काड्या बदला, मग दहा मिनिटं वाळू द्या. सँडपेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो.

तुमचे डबा टीव्ही वाया जाणार नाहीत. त्यांना आपल्याकडचा ६० पिनांचा पाल ‘टीव्ही गेम’ (फॅमिकॉमची नक्कल) लावा. अशा पाल नकलांमध्ये प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झ, जवळपास जपानी यंत्राइतकाच, पण पडदा सेकंदाला ५० वेळा. म्हणून सुरांची पट्टी जवळपास तीच राहते, पण खेळ साधारण सहाव्या हिश्श्याने मंद होतो. भारतात जो गेम ‘सोपा’ म्हणून आठवतो तो तिकडे ‘अशक्य’ म्हणून बदनाम का, याचं हे एक खरं कारण आहे. मेसेन एम्युलेटरमध्ये विभाग ‘डेंडी’ निवडला तर हाच वेग मिळतो. एकाच गेमवर आधी एनटीएससी (अमेरिकन-जपानी टीव्ही पद्धत), मग डेंडी लावून दाखवा.

रास्टर_रेषा

निन्टेंडोचं थोडक्यात. ‘सायमन्स क्वेस्ट’ माहितीशिवाय संपवणं जवळपास अशक्य आहे, आणि तिथे दोष उघड आहे. काही गावकरी मुद्दाम खोटं बोलतात, काहींचं बोलणं इंग्रजी करताना बिघडलंय, आणि खेळणाऱ्याला यातलं कुठलं काय ते ओळखायची सोय नाही. डेबोराच्या कड्यापाशी लाल स्फटिक निवडून काही सेकंद गुडघ्यावर बसून राहायचं, मग वावटळ येऊन पुढे नेते. गावकरी मात्र कड्यावर डोकं आपटायला सांगतो. एवढं एक आधी सांगून टाका. वाड्यांमध्ये पवित्र पाणी पुढे फेकत चाला, खोटी जमीन कळते. रात्री गावातली दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी दिवसा. वाड्यात घड्याळ थांबतं, हे लक्षात ठेवून आखणी करा. इतकं माहीत असेल तर रात्र-दिवसाची कल्पना त्या काळात किती धाडसाची होती ते जाणवतं.

‘झेल्डा २’ मला वाईट गेमांच्या यादीत मुळीच बसवायचा नाही. तो अवघड आहे, अन्यायी नाही. रुतो गावी उडीचा मंत्र घ्या, मग मिडो गावातल्या चर्चच्या वरच्या दारातून खाली भोसकण्याचा डाव शिका. त्याच्याशिवाय पुढे जाऊ नका. महालात स्फटिक बसवला की पुढच्या पातळीइतके गुण मिळतात, म्हणून पातळी वाढायला दहा-वीस गुण उरले असताना तो बसवणं म्हणजे तोटा. आधी शत्रू मारून पातळी वाढवा, मग बसवा.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. ठोकळ्याचा कागद आजच काढतो. ‘पॅक-मॅन’ आणि ‘मिस पॅक-मॅन’ शेजारी-शेजारी, हेही पक्कं. एक शंका: ‘ई.टी.’त ऊर्जा ९९९९ वरून फार भराभर उतरते. अर्ध्या तासाच्या आतच खेळ संपला तर?

रास्टर_रेषा

ऊर्जा चालण्यानेही जाते आणि खड्ड्यात पडण्याने, तरंगण्यानेही. म्हणून सरळ रेषेत भटकू नका, बाणाच्या जागा वापरून पडदे ओलांडा. शून्यावर आली तरी खेळ लगेच संपत नाही. इलियट येऊन तीनदा जिवंत करतो, आणि एका खड्ड्यातलं सुकलेलं फूल फुलवलंत तर आणखी एकदा. गोळ्या खाऊनही ऊर्जा वाढते, पण मग इलियटसाठीच्या नऊ जमत नाहीत. ते गणित खेळणाऱ्यालाच करू द्या, त्यात सांगू नका.