साप बघायला जाताना दगड उलटावेत का?

रातवा:
पावसाळ्यात सह्याद्रीत रात्री साप बघायला जाणाऱ्या गटांनी निघण्याआधीच ठरवून टाकावं: दगड-ओंडके उलटायचे नाहीत. गरजच पडत नाही. पाऊस उघडलाय, वारा पडलाय अशी रात्र धरा आणि अंधार पडल्यापासून तीन-चार तास ओढ्याच्या काठाने चाला. वेग तासाला अर्धा किलोमीटर, त्याहून जास्त नको. चापडा दबा धरून बसणारा साप. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून असतो आणि एकाच जागी ओळीने कित्येक रात्री सापडतो. हरणटोळ दिवसा पानांत अजिबात कळत नाही, पण रात्री फांदीच्या टोकाशी झोपतो तेव्हा टॉर्चमध्ये फिकट उठून दिसतो. बेडकांचे, कोळ्यांचे डोळे उजेडात चमकतात तसे सापाचे चमकत नाहीत. म्हणून चमक नव्हे, पानांच्या गर्दीत एकसारख्या जाडीची रेघ शोधा. हेडटॉर्चशिवाय एक टॉर्च हातात, कमरेच्या उंचीवर हवाच. धुक्यात कपाळावरचा उजेड सरळ डोळ्यांवर परततो.

कवड्या७:
हे झालं झाडावरच्या सापांचं. वाळा, पोवळा, खापरखवल्या मातीत, दगडाखाली राहणारे. तुमच्या नियमाने ते यादीतूनच बाद. चूक उलटण्यात नाही, पद्धतीत आहे. बोटं दगडाखाली घालायची नाहीत. साप हाताळायच्या काठीच्या हूकने पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे तो आपल्या आणि सापाच्या मधे आडोसा राहतो. एकाने उचलायचा, दुसऱ्याने बघायचं. खाली काही असलं तर आधी ते बाजूला, मग दगड होता तसा, आणि मग त्या जिवाला कडेने आत जाऊ द्यायचं. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि साप चिरडतो. मातीत रुतलेला दगड मात्र सोडून द्यायचा.

जांभा:
"होता तसा" दगड बसतच नाही हो. बोटभर तिरका राहिला तरी फट पडते आणि खालची ओल उडते. पावसाळ्यात त्याच ओलीत देवगांडुळाची (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायाचा उभयचर) मादी अंड्यांना वेटोळं घालून असते. सापाच्या, पालीच्या अंड्यात गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो. अंडं नुसतं गडगडलं तरी तो मरू शकतो. आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, तर हा विचारही नको. आंबोली टोड हा भेक २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदवला गेला आणि जगात फक्त त्याच परिसरातून माहीत आहे. एका गटाने काही बिघडत नाही, पण दर शनिवारी तेच दगड उलटले जातात. शिवाय "आधी बाजूला" म्हणजे सापाला हूक लावणं आलंच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यप्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच.

कवड्या७:
सड्याबाबत मान्य, तिथे हात लावू नये. पण शेताच्या बांधावर पडलेला पत्रा, गोठ्यामागचा फळ्यांचा ढीग? माणसाने टाकलेला आडोसा आणि वर्षानुवर्षं जागचा न हललेला दगड एकाच मापाने का मोजायचे? मालकाला विचारून पत्रा उचलला तर कुठला अधिवास मोडला?

घाटरस्ता:
खापरखवल्यासाठी पत्राही नको. पहिल्या पावसांनंतर तो आपणहून रस्त्यावर येतो. गाडी २० च्या वेगाने, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे.

रातवा:
आणि चाकाखाली काय येतंय ते कोण बघणार? ओल्या डांबरावर खापरखवल्या तुटक्या काटकीसारखा दिसतो. गाडीतून तो ओळखेपर्यंत चाक वरून गेलेलं असतं, बेडकांची तर मोजदादच नाही. गाडी घाटमाथ्यावर लावा आणि तोच रस्ता पायी करा. पत्र्याचं म्हणाल तर तो दुपारी तापतो, साप तोवर निघून जातात. उचलायचाच तर सकाळी लवकर, रात्रीच्या फेरीत नको.

वॉर्ड१२:
दगड राहू द्या, आधी दवाखाना ठरवा. आपल्याकडचं बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, चापड्यावर त्याचा भरवसा नाही. त्यामुळे "इंजेक्शन आहे ना" म्हणून फोटोसाठी चापड्याच्या तोंडाशी मोबाईल नेऊ नका. निघायच्या दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून साठा आहे का आणि व्हेंटिलेटर चालू आहे का, दोन्ही विचारा. मण्यारीच्या दंशात दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दंश झालाच तर अंगठी, घड्याळ काढा आणि तो हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी नको, चिरा नको. साप पकडून न्यायची गरज नाही.

कवड्या७:
एक भर घाला: तीनपेक्षा कमी माणसांनी जाऊ नये. एक दंश झालेल्याजवळ, एक गाडी चालवायला. आणि मोबाईलला रेंज कुठल्या वळणावर येते ते दिवसाउजेडी बघून ठेवा. पत्र्याबद्दल माझं मत मात्र तेच आहे.