लाईटसेबरच्या क्लॅम्पमधली भिंगांची पट्टी हीच काय? मामाच्या डब्यातले पार्ट ओळखून द्या

वडगावकर_पक्या
नमस्कार मंडळी. मी बेळगावातच, वडगावात. १९७७च्या पहिल्या स्टार वॉर्स सिनेमातल्या नायकाचा, ल्यूकचा लाईटसेबर, म्हणजे त्या उजेडाच्या तलवारीची मूठ बनवायलोय, बाजारात मिळतोय तो लाल-निळा बत्तीचा प्लास्टिकचा न्हाई हं, हातात घेतला तर जड लागला पाहिजे असला. नळीचं काम उद्यमबागेत ओळखीच्या लेथवर होतंय, त्याचं टेन्शन न्हाई. अडलंय ते मधल्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे नळीला आवळणाऱ्या पट्ट्यात. फोटो मोठा करून बघितलो तर तिथं काचेच्या मण्यांची माळ आडवी बसवल्यासारखं काय तर दिसतंय.

आता गंमत बघा. मामांचं रविवार पेठेत रेडिओ-टीव्ही रिपेरीचं दुकान होतं, बंद होऊन वर्षं झाली, मामा पण गेले. मामींनी मागल्या आठवड्यात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा दिला, गुजरीत, म्हणजे भंगारात घालायच्या आधी बघ म्हणाल्या. उघडलो तर चार प्रकारचं सामान: (१) हिरव्या पीसीबीवर (सर्किटच्या बोर्डवर) बसवलेली पारदर्शक पट्टी, वर ओळीनं फुगे, (२) पत्र्याच्या टोपीचे तीन पायांचे ट्रान्झिस्टर मूठभर, (३) सोनेरी रंगाचे पंखे-पंखे असलेले दोन जाड तुकडे, (४) काळी १४ पायांची आयसी (चिप), तिच्यावर एका ओळीत ७४०४ आणि खाली ७४३२. यातलं सेबरात काय लागतंय आणि काय मामींना परत द्यायचं, सांगा जरा. फोटो लावलोय.

टिळकवाडी_७७
लेका तुला लॉटरी लागलीय! नंबर १ म्हणजेच ती माळ. तो सेबर मुळात सेबर नव्हताच, ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचं हँडल होतं, तीन जाडे सेल बसणारं. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनला ते लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात सापडलं. त्यानं खाली टी आकाराच्या काळ्या पट्ट्या सुपरग्लूनं चिकटवल्या, बेल्टला अडकवायला रिंग लावली, आणि क्लॅम्पमध्ये मोकळी जागा दिसली तिथं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्झाक्ट्रा कॅलक्युलेटरच्या डिस्प्लेवरची भिंगांची पट्टी बसवून टाकली. झालं हत्यार. पुढं त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाच्या ऑस्करात त्याचंही नाव होतं.

तुझी पट्टी एक्झाक्ट्राचीच आहे काय ते फोटोवरून सांगता येत नाही, पण जातकुळी तीच. नळीचं माप घेताना सेल धरून बघ. जाड्या सेलचा व्यास ३४ मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी साडेएकसष्ट, तीन सेल म्हणजे आतून साधारण १८५ मिलिमीटर झालेच. लेथवाला अंदाजानं बारीक नळी लावून देईल, मग हातात धरल्यावर पिपाणी वाटते, माझं तसंच झालं होतं.

खानापूर_रेडिओकाका
पक्या, तुझे मामा आमच्या लाईनचे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली पट्टी. सत्तरच्या दशकात कॅलक्युलेटरला लाल एलईडी आकडे असत. तेव्हा एलईडीचा माल पण महाग आणि करंट पण जास्त खायचा, म्हणून आकडाच एवढासा करायचे, दोन-तीन मिलिमीटर उंचीचा, आणि तो वाचता यावा म्हणून प्रत्येक आकड्यावर एकेक भिंग. तेच तुझे फुगे. दशक संपता संपता एलसीडी आली, तिला करंट नावालाच लागायचा, आणि ही फुग्यांची जात गेली. टेक्सासची ओळख म्हणजे त्यांच्या राज्याच्या नकाशाच्या आकाराचा शिक्का, पीसीबी उलटी करून बघ. नंबर ५०८२नं सुरू होत असेल तर ती एचपीची, मग सिनेमातली न्हवे, पण दिसायला भावंडच.

दोन नंबर, टोप्यांवर एसी १२७, एसी १२८ आणि बेल असं असणार. बेल म्हणजे आपली बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. जर्मेनियम आहेत, सेबराशी काडीचा संबंध न्हाई, पण टाकू नकोस, गिटारचा आवाज खरखरीत करणारं फझ पेडल बनवणारी पोरं हे शोधत फिरतात. डब्यात काळ्या रंगाचे काचेचे ओसी ७१ असतील तर ते पण बाजूला काढ. त्यांचा रंग खरवडला की उजेड पडल्यावर करंट वाढतो, आम्ही शिकाऊ असताना तो खेळ करायचो आणि मालकाच्या शिव्या खायचो.

चार नंबरवर सगळेच फसतात. ७४०४ हा पार्टचा नंबर, आत सहा इन्व्हर्टर, घरातल्या बॅटरीचे न्हवे, सिग्नल उलटा करणारे गेट. खालचा ७४३२ मात्र डेट कोड, १९७४ सालचा ३२वा आठवडा. घोळ असा की ७४३२ नावाची आयसी पण आहे, चार ऑर गेटची. म्हणून ज्याच्या पुढं एसएन सारखी अक्षरं असतील तो पार्ट, नुसते चार आकडे असतील ती तारीख.

निपाणी_प्रॉपवाला
तीन नंबर मी सांगतो. अॅल्युमिनियमच्या कवचातले वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळलेले रेझिस्टर, जास्त वॅटचे, पंखे आहेत ते उष्णता बाहेर टाकायला. सेबरात नाहीत, पण १९८४च्या घोस्टबस्टर्समध्ये पाठीवर जे यंत्र असतं त्यावर असलेच सोनेरी रेझिस्टर चिकटवलेत. पुढचा प्रोजेक्ट ठरला बघ तुझा.

आणि एक, १९८०च्या दुसऱ्या सिनेमात ल्यूकच्या सेबरच्या क्लॅम्पमध्ये फुगे नाहीत, तिथं सर्किट कार्डाच्या काठाची पट्टी आहे, सोनेरी बोटं असतात तसली. फोटो कुठल्या सिनेमाचा आहे ते आधी बघ, लोक दोन्ही मिसळतात आणि मग ग्रुपवर भांडतात.

कॅम्पातला_मन्या
एवढं काय अभ्यास करायलाय मर्दा. पट्टी करवतीनं काप, एमसील लावून क्लॅम्पात बसव, काम खल्लास. कुणाला कळतंय.

खानापूर_रेडिओकाका
मन्या, कापायला हात शिवशिवतोय ते कळतंय, पण ऐक. त्या भिंगांच्या खाली एलईडीचे कण थेट बोर्डवर बसवलेले असतात आणि केसाहून बारीक तारांनी जोडलेले असतात. पट्टी उचलायला गेलास की तारा तुटल्या, आणि तुटलेली तार जोडायचं मशीन ना तुझ्याकडं ना माझ्याकडं. ग्राफ्लेक्सच्या हँडलचं बघा ना, सेबर करायला इतकी कापली गेली की जुन्या कॅमेऱ्याचा शौक असणाऱ्याला आता ती परवडत न्हाईत.

पक्या, आधी पेटतंय काय बघ. दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, आणि सिरीजमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर, विसरू नकोस. करंट चारेक मिलिअँपियरच जातो, जळत न्हाई. मायनस एका टोकाला धर, प्लस बाकीच्या टोकांना एकेक करून लाव, कुठं तर लाल रेघ दिसेल. न्हाई दिसली तर उलटं कर. भिंग पुसायला थिनर अजिबात न्हाई, प्लास्टिक तडकून पांढरं पडतंय, साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं पुरे.

निपाणी_प्रॉपवाला
काकांना अनुमोदन. क्लॅम्पात खरी पट्टी लागतच नाही, तिचा साचा घे. पट्टीच्या चारी बाजूंनी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा बांध घाल, फट राहू द्यायची नाही, नाहीतर सिलिकॉन खाली तारांवर जाईल. वर साच्याचं सिलिकॉन ओत, ते भिंगाला चिकटत नाही. सुटलं की साच्यात क्लिअर इपॉक्सी. एकाच साच्यातून चार-पाच पट्ट्या निघतात, एक मला दे. सिलिकॉन कोल्हापुरात मिळतं, बेळगावात मला मिळालं नव्हतं. आणि कोल्हापुरात कुणाला गुजरी कुठाय विचारू नकोस, सोनारांच्या गल्लीत नेऊन सोडतील.

टिळकवाडी_७७
खरी एक्झाक्ट्राच पाहिजे असा हट्ट असेल तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धर, सकाळी बेंगळुरात एसपी रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एक चक्कर मार. मिळेलच असं नाही, पण रिकाम्या हातानं पण कुणी परत येत नाही तिथून.

वडगावकर_पक्या
मंडळी, रविवारी बसलो होतो. पीसीबी उलटी केलो तर नकाशाचा शिक्का आहे! मॉडेल न्हाई कळालं, आणि आता मला फरक पण पडत न्हाई. काकांनी सांगितल्यासारखं सेल आणि रेझिस्टर घेऊन टोकं चाचपायलो होतो, पहिल्या दहा मिनिटांत काय न्हाई, मग मायनस दुसऱ्या टोकाला धरलो आणि तिसऱ्या भिंगाखाली बारीक लाल रेघ आली. वरून सरळ बघितलं तर मोठी, तिरकं बघितलं तर गायब. सगळी टोकं कागदावर लिहून घेतलो, एका आकड्याचा खालचा डावा सेगमेंट (रेघेचा तुकडा) सोडला तर सगळं जिवंत आहे.

मामी चहा घेऊन आल्या, बघून म्हणाल्या ह्या मशीनवर तुझे मामा बिलं करायचे, सात नंबरचं बटण दाबून दाबून आत गेलं तसं उघडून ठेवलं ते ठेवलंच. आता पट्टी कापायचा प्रश्नच न्हाई, आकडे पेटतील असं काय तर करून मामींना देणार. सिलिकॉन मागवलोय. मन्या, सॉरी रे.

एकच राहिलं, इपॉक्सीत बुडबुडे येतात म्हणतात, भिंगात बुडबुडा दिसला तर वाईट दिसणार. काय करू?

निपाणी_प्रॉपवाला
मिसळायच्या आधी रेझिनची बाटली गरम पाण्यात दहा मिनिटं उभी ठेव, पातळ होतं, बुडबुडे आपोआप वर येतात. हार्डनर गरम करू नकोस. ढवळताना सावकाश, ताक घुसळल्यासारखं न्हाई, आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेनं ओत. गरम रेझिन लवकर धरतं, तेव्हा सगळं हाताशी ठेवून बस.