आईसाठी विमा: कॅन्सरची तपासणी आणि उपचार कशात बसतात?

हर्षदा_नाशिक: आई ६८, मधुमेह आहे. बाबा ७२. मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाल्यापासून आईची मॅमोग्राफी नियमित करायची ठरवलंय. ती विम्यात बसते का? आईसाठी पॉलिसीही सुचवा. बजेट वर्षाला ३० हजार, त्यापुढे खरंच जमणार नाही.

विलासकाका: ५० हजारांच्या खाली बघूच नकोस. माझं २५ लाखांचं कव्हर आहे, निर्धास्त झोपतो.

मेघना_के: खोलीभाड्याची मर्यादा आधी बघ गं. सासूबाईंच्या वेळी मर्यादा ५,००० आणि खोली ९,०००ची. सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली. डिस्चार्जचा कागद हातात, आणि आम्ही काउंटरवर उभं राहून नातेवाइकांना फोन लावतोय. को-पे, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा आपणच भरायचा, तो तर अजिबात नको.

सुहास७१: कॅन्सरची वेगळी पॉलिसी घ्या. निदान झालं की एकरकमी पैसे.

मेघना_के: आणि उद्या हृदयाचं काही निघालं तर? त्यात एक रुपया मिळत नाही.

सुहास७१: प्रश्न कॅन्सरचा आहे.

विलासकाका: मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जा, विमा कशाला हवा!

मेघना_के: काका, नाशिकहून परळला केमोसाठी येऊन-जाऊन बघा एकदा.

अनघा_जोशी: मॅमोग्राफी ओपीडीतली, ती सहसा बसत नाही. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट केलं तरी दावा नाकारतात. काही पॉलिसींत वार्षिक चेकअप असतो, त्याच्या यादीत मॅमोग्राफी आहे का ते विचार. जुन्या करप्रणालीत असशील तर आरोग्यखर्चाच्या करवजावटीत (जुनं कलम ८०डी) तपासण्यांचे ५,००० पर्यंत दाखवता येतात. केमो डे-केअरमध्ये, म्हणजे रात्रभर न राहता होणाऱ्या उपचारांत बसते, पण गोळ्यांची केमो आणि इम्युनोथेरपी यांना उपमर्यादा, म्हणजे कव्हरच्या आतच वेगळी कमी मर्यादा असू शकते. मधुमेह फॉर्मवर लिहीच. आधीपासूनच्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं. आणि बाबांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढ. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आईलाही दोन वर्षांनी मिळेल.

सुहास७१: को-पे नको, हे मीही सांगणार होतो.

विलासकाका: २५ लाखच घे.

हर्षदा_नाशिक: अनघाताई, बाबांचं कार्ड काढायला टाकलं. आईसाठी २०% को-पेवालीच घेतेय. १० लाखांचं कव्हर, खोलीभाड्याला मर्यादा नाही आणि हप्ता बजेटात बसतो. बिलाचा पाचवा हिस्सा भरायची तयारी आहे, दरवर्षी ५० हजारांची नाही. मॅमोग्राफी खिशातून, पुढच्याच आठवड्यात.