सवलत, सोय की तजवीज?

शाळेच्या फलकावर वाचलं : 'दिव्यांग विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती'. माझ्या मुलीला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळणार, त्याबद्दलची सूचना. 'सवलत' खटकलं. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, ती सवलत. इथे पेपर तोच, गुणही तेवढेच. मग सूट कसली? दुसरा शब्द सुचवाल का?

▪ ताई, गंमत म्हणजे 'सवलत' मुळात अरबी, अर्थ सोपेपणा. हिंदीतलं 'सहूलियत' त्याच घरचं. सूट, माफी हा अर्थ आपण नंतर चिकटवला. शब्दाचा दोष नाही, पण आता तो सुटणारही नाही. वर्गात पोरं सर्रास म्हणतात, "त्याला काय, सवलत आहे!"

▪ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 'रीझनेबल अकॉमोडेशन' या कल्पनेसाठी मी 'वाजवी समायोजन' वाचलंय. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं हक्क वापरता यावेत म्हणून करायचा आवश्यक तो बदल. मात्र करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये.

▪ समायोजन नको हो! शिक्षकांना विचारा, अतिरिक्त ठरून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे समायोजन. मी 'वाजवी तजवीज' म्हणेन. तजवीज दुसऱ्याला करावी लागते, जबाबदारी शब्दातच येते. 'सोय' गोड आहे, पण जेवणाची, राहण्याची वाटते.

▪ 'तजवीज' आता फक्त आजोबांच्या पत्रात. पण मुद्दा पटला. विकास कुमार यांच्या खटल्यात हाच पेच होता. लिहिताना हात आखडायचा, पण अपंगत्व ४० टक्के भरत नव्हतं, म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगानं परीक्षेला लेखनिक नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये सांगितलं, ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांना. लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. आरक्षण एका खात्यात, तजवीज दुसऱ्या. आपण दोन्हींना 'सवलत' म्हणतो, तिथेच घोळ होतो.

▪ आणि 'दिव्यांग'? २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'व्यक्ती' आधी, अपंगत्व मागून. हिंदी नावात थेट 'दिव्यांगजन'. मला 'अपंग'च बरा वाटतो. दिव्य काही नाही, रॅम्प द्या.

▪ (मूळ प्रश्नकर्ती) सर्वांचे आभार. अर्जात 'सवलत' खोडून 'वाजवी सोय' लिहिलं. कारकून म्हणाले, "मॅडम, छापील नमुन्यात खाडाखोड चालत नाही." नवा फॉर्म घेतला, सवलतीचाच.