होम थिएटर न ऐकता ऑर्डर करणं मला पटत नाही, तुमचं काय मत?

निशिगंध:
दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या ऑफिसातल्या दोघातिघांनी ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) मागवलं आणि एकानेही ते आधी ऐकलं नव्हतं. रिव्ह्यू वाचले, वॅट बघितले, डिस्काउंट बघितला आणि झालं. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू आहे हो, साधी चप्पल घेतानासुद्धा आपण पायात घालून दोन पावलं चालून बघतो. कानाने ऐकल्याशिवाय पैसे टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे.

पण ऐकायचं म्हणजे दुकानदार लावेल ते ऐकून मान डोलवायची असं नाही. तो काय लावणार तर काचा फुटतायत, हेलिकॉप्टर डोक्यावरून फिरतंय, जंगलात पाऊस पडतोय. ते कुठल्याही सिस्टीमवर भारीच वाटतं, डेमोसाठीच बनवलेलं असतं ते. आपण घरी सिरीयल, बातम्या, मॅच आणि ओटीटीवरचे सिनेमे बघतो, तर त्यातलाच आपल्याला तोंडपाठ असलेला एखादा प्रसंग न्या, ज्यात दोन माणसं हळू बोलतायत आणि मागे म्युझिक किंवा ट्रॅफिक चालू आहे, आणि प्रत्येक सिस्टीमवर तोच लावायला सांगा.

दुसरं म्हणजे आवाजाची पातळी. दोन सिस्टीममधली जी जराशी मोठी वाजते तीच चांगली वाटते, एखाद्या डेसिबलच्या फरकाने कान फसतो आणि गंमत म्हणजे ती 'मोठी' वाटत नाही, 'क्लिअर' वाटते. सेल्समन हे बरोबर ओळखून असतात. मोबाइलवर साउंड मीटरचं फुकट अॅप मिळतं, बसल्या जागेवरून दोन्ही सारख्या पातळीला आणा आणि मग तुलना करा. शेवटी आवाज अगदी कमी करून ऐका, रात्री अकराला घरी ठेवता तेवढा. कमी आवाजात कानाला खालचे सूर आधी ऐकू यायचे बंद होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय, त्यामुळे दुकानात दणदणीत वाजलेलं घरी रात्री फुसकं वाटू शकतं.

खडकवासला:
तळमळ समजली, पण मला हे पटत नाही. दुकानात तुम्ही सिस्टीम ऐकतच नाही, दुकानाची खोली ऐकता. डेमो रूममध्ये गालिचा, जाड पडदे, भिंतीला फोमचे पॅनल. आणि आपला हॉल म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची स्लायडिंग काच, दुसऱ्या बाजूला उघडं किचन. साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे बेसच्या पट्टीत, काय ऐकू येणार हे स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ठरवते. समोरासमोरच्या भिंतींत १२ फूट अंतर असेल तर पहिला घुमारा ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, १५ फुटी खोलीत तोच ३७-३८ ला जातो, म्हणजे दुकानात ऐकलेला बेस तुमच्या घरी येणारच नाही, दुसराच काहीतरी येणार.

आणि कानावर इतका विश्वास ठेवायचं कारणही नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ मध्ये हार्मन या ऑडिओ कंपनीतल्याच लोकांना तेच स्पीकर एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत होते तेव्हा दिलेले गुण वेगळे आणि पडद्याआडचे वेगळे! ब्रँड, आकार, दिसणं, सगळं कानात शिरतं. दुकानात तर वर किमतीची पाटीही लावलेली असते. त्यापेक्षा मेजरमेंट (यंत्राने मोजलेले स्पीकरचे आकडे) बघा, रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज जुळवून घेणारी सोय) चांगलं असलेला रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा मुख्य डबा) घ्या आणि पेट्रोल वाचवा.

निशिगंध:
खडकवासला, तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. टूल आणि ऑलिव्ह यांनी लोकांना ऐकायला बसवूनच हे सिद्ध केलं ना? त्यांच्याच पुढच्या कामात असं दिसलं की नाव आणि रूप झाकलं की बहुतेक लोकांना साधारण सारखेच स्पीकर आवडतात. म्हणजे कान कामाचा आहे, फक्त त्याला फसवणाऱ्या गोष्टी काढून टाकायच्या. सोबत आलेल्याला सिस्टीम बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून बसा, एवढं कुठल्याही दुकानात जमतं.

बेसचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. म्हणूनच म्हणते की दुकानात बेस ऐकूच नका! तो घरी सबवूफरची जागा बदलून बघायचा असतो. दुकानात माणसाचा आवाज ऐका. शब्द कळायला लागणारी व्यंजनं, स, श, त, क वगैरे, ही सगळी वरच्या पट्टीत असतात, हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर, तिथे स्पीकरचा स्वतःचा गुण-दोष लपत नाही. सेंटर स्पीकर, म्हणजे संवाद ज्यातून येतात तो मधला, नाकात बोलत असेल तर तो तुमच्या हॉलमध्येही नाकातच बोलणार.

वऱ्हाडी_माणूस:
हे सगळं पुण्या-मुंबईवाल्यांसाठी ठीक आहे. आमच्या यवतमाळात दुकानात खोकी रचलेली असतात, डेमो मागितला तर 'पीस उघडला की घ्यावाच लागेल' म्हणतात. त्यासाठी नागपूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि तिथेही तीन मॉडेल लावलेले असतात त्यात आपल्याला हवं ते नसतंच. मग लहान गावातल्या माणसाने घेऊच नये का? मी रिव्ह्यू वाचूनच घेणार, दुसरा इलाजच नाही. तुम्ही ज्याला 'आधी ऐका' म्हणता ती सोय आहे, नियम करू नका तिचा.

गिरगावकर:
वऱ्हाडी भाऊ, रास्त बोललात. तरी एक सुचवतो, नातेवाइकांत मित्रांत कोणाकडे तीच कंपनी, तीच सिरीज असेल तर त्यांच्या घरी जाऊन ऐका. घरातली सिस्टीम घरातच ऐकलेली दुकानापेक्षा कितीतरी बरी.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, जवळच वाढलो, त्यामुळे या दुकानांत बसण्यात बराच वेळ गेलाय. माझा मुद्दा वेगळा आहे, दुकानात काय वाजवतात त्यासोबत कशातून वाजवतात ते बघा. डेमो बहुतेक वेळा ब्लू-रे किंवा हार्ड डिस्कवरून असतो. ब्लू-रेवरचं अॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतोय असं भासवणारा डॉल्बीचा प्रकार) बहुतेक वेळा डॉल्बी ट्रूएचडीमध्ये असतं, लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता. आपण घरी स्ट्रीमिंगवर बघतो तेच अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून दाबून येतं. मग घरी आल्यावर 'दुकानात होती तशी मजा नाही' म्हणायचं आणि दोष स्पीकरला. दुकानातल्या टीव्हीवर तुमचंच ओटीटी अकाउंट लॉगिन करून तोच सिनेमा लावा, आणि निघताना लॉगआउट करायला विसरू नका.

आणि त्या वॅटच्या आकड्यांच्या मागे जाऊ नका. पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून जे हजारोंमध्ये लिहितात त्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, विचारा. तेही दुप्पट झालं तर फक्त ३ डेसिबल वाढतात.

अनघा_ठाणे:
ही सगळी चर्चा वाचली आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही, ऐकणार कोण आहे? आमच्याकडे टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ बाबा असतात, वय ७८, एका कानाने कमी ऐकू येतं. नवऱ्याने एक मॉडेल ठरवून ठेवलं होतं, मी म्हटलं बाबांना घेऊन जायचं. दुकानातल्या मुलाने ते हेलिकॉप्टरच लावलं. बाबा सोफ्याच्या टोकाला बसून संपेपर्यंत शांतपणे बघत राहिले आणि मग त्याला विचारलं, "यात माणसं कधी बोलतात?"

मग मी मोबाइलवरून एका जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं, त्यात एक पात्र विंगेजवळून बोलतं, जरा लांबून. आमच्या ठरलेल्या सिस्टीमवर बाबा पुढे झुकले, कानामागे हात नेला. दुसरी सिस्टीम स्वस्त होती पण तिला वेगळा, बऱ्यापैकी मोठा सेंटर स्पीकर होता, तिच्यावर तेच वाक्य आलं तेव्हा ते मागे टेकूनच बसले होते आणि पुढचा डायलॉग नटाच्या आधी त्यांनीच म्हटला. तीच घेतली. कुठल्या रिव्ह्यूत हे कळलं असतं मला सांगा. ज्यांच्या घरात वयस्कर मंडळी आहेत त्यांनी सेटिंगमध्ये नाइट मोड (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारा) किंवा डायलॉग वाढवायचा पर्याय आहे का तेही दुकानातच चालू करून बघा, काहींत तो नावालाच असतो.

खडकवासला:
अनघाताई, बाबांचं वाचून बरं वाटलं, आणि घरच्यांना नेण्याचा मुद्दा मानला. तरी माझी हरकत कायम. दुकानात सेंटर स्पीकर कानाच्या उंचीला, मोकळा ठेवलेला असतो. घरी आपण तो टीव्ही युनिटच्या खणात कोंबतो, दोन्ही बाजूंना प्लायवूड, वर सेट टॉप बॉक्स. आवाज लगेच डब्यातून आल्यासारखा होतो. निदान खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड किंचित वर करा. पण मग दुकानात ऐकलं त्याचं काय राहिलं?

निशिगंध:
तो सुधारता येतो ना, जागा बदलून. मुळात वाईट असलेला सेंटर कसा सुधारणार? आणि रूम करेक्शनवर तुमचा भर आहे म्हणून सांगते, ते फ्रिक्वेन्सीचे चढउतार सारखे करतं, टाइल्स आणि काचेवरून परतणारा आवाज ते थांबवू शकत नाही. त्याला जाड पडदा आणि सतरंजीच लागते.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत बऱ्याच स्पीकर कंपन्या ऑनलाइनच विकतात आणि ३०-४५ दिवस घरी वापरून आवडलं नाही तर परत घेतात. त्यामुळे दुकानात ऐकायचं की नाही हा वाद माझ्यासाठी उरलेलाच नाही, स्वतःच्या हॉलमध्ये ऐकायचं. भारतातही हेच मागायला हवं.

वऱ्हाडी_माणूस:
मागायला काय, पण मिळतंय कुठे. इथे खोकं उघडलं की खराब निघालं तरच बदलून देतात, आवाज आवडला नाही हे कारण चालत नाही. ऑर्डरच्या आधी परतीची अट शब्दन् शब्द वाचा, 'रिप्लेसमेंट' आणि 'रिटर्न' यात फरक आहे. आणि जर्सीकर, तिकडून कोणासाठी आणत असाल तर मागे व्होल्टेज बघा. फक्त १२० चं असेल तर इथल्या २३० वर लावल्या लावल्या जळेल.

गिरगावकर:
काही दुकानदार घरी डेमो देतात, डिपॉझिट घेऊन, विशेषतः जरा महागाच्या सेटला. निदान विचारा तरी, लोक विचारतच नाहीत. आणि घरी आणला की दिवसाढवळ्या सबवूफर वाजवून खालच्या मजल्यावर जाऊन या. त्यांच्या छतातून काय ऐकू येतं ते कळलं म्हणजे रात्री दहानंतर किती ठेवायचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

मोगरा२२:
मी या रविवारी जाणार आहे, बजेट ५० हजार, हॉल १० बाय १४. सगळं वाचून गोंधळले. एकच गोष्ट तपासायची असेल तर कुठली?

खडकवासला:
माझ्या मते या बजेटला रिसीव्हरचं रूम करेक्शन आणि मेजरमेंट. हॉल लहान आहे, मोठ्या सबवूफरच्या मागे लागू नका.

निशिगंध:
माझ्या मते सेंटर स्पीकर, ओळखीच्या आवाजावर, कमी व्हॉल्यूमला. आणि मोगरा, रविवारी नको. गर्दीत शेजारच्या टीव्हीवर मॅच चालू असते, एसीची घरघर असते, हळू बोललेलं काहीच कळणार नाही. मधल्या वारी दुपारी जा, दुकान रिकामं असतं आणि तो मुलगाही हवं ते लावून देतो.