ग्रुप छोटा ठेवा, प्रश्न नेमका विचारा

शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे नुसती परिपत्रकं आणि सुप्रभात, अशी बऱ्याच शिक्षकांची तक्रार असते. पटतं. पण म्हणून बाहेर पडू नका, विषय धरून छोटा ग्रुप बांधा.

मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या गणित शिक्षकांचा आमचा असा एक ग्रुप आहे. मध्यंतरी एका बाईंनी वहीचा फोटो टाकला, मुलाचं नाव झाकून: १/२ + १/३ = २/५. ‘मुलं असं का करतात?’ एवढंच विचारलं. एका सरांनी कागदाच्या पट्ट्या दुमडून दाखवल्या. दुसऱ्या बाईंनी सुचवलं, ‘अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं, हे त्यालाच विचारा.’ हा प्रश्न मी लगेच वर्गात वापरला, मुलं स्वतःच खोडायला लागली! प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हे क्वचितच मिळतं.

देवनारच्या टिसच्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या) ‘क्लिक्स’ या तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवण्याच्या उपक्रमात राजस्थान, मिझोराममधले शिक्षक टेलिग्रामवर असेच जोडले गेले होते. टेलिग्रामवर नव्या सदस्यालाही जुनी चर्चा दिसेल अशी सोय करता येते, म्हणून मला ते जास्त आवडतं. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य जरूर शेअर करा, पण नुसती लिंक नको. वर्गात वापरल्यावर काय झालं, त्याच्या दोन ओळी सोबत लिहा.